माहेरची वाट

भाऊबीजेला आईला घेऊन बारामतीहून पळसदेवला जायचे, हा आमच्या घरचा जुना नेम. पण मामाच्या घरी जाण्याआधी तिला पाणी दाखवावे लागते. तिचे खरे माहेर त्या पाण्याखाली आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, भीमा फुगली आणि जुने पळसदेव बुडाले. पाणी फार उतरले, की पळसनाथाचे देऊळ तेवढे वर येते.

यंदा काठावर मासळीच्या पाट्या चालल्या होत्या. सगळी चिलापी. आई म्हणाली, "आता अहेर कुठं दिसत नाही रे?"

अहेर म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. तिच्या लहानपणी तो भीमेच्या डोहात सापडे. चिलापीचा संसार धरणातच थाटतो. अहेराचे तसे नाही. तो जन्मतो समुद्रात. काचेसारखी पारदर्शक, इवलीशी पिल्ले नदीत शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध चढत राहतात; ओल्या खडकावरूनसुद्धा सरपटतात. नदीत वर्षानुवर्षे वाढून तो एकदाच समुद्राकडे परततो, अंडी घालतो आणि मरतो. भीमा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्या वाटेवर आता उजनी, जुराळा, श्रीशैलम, १९६७ चे नागार्जुनसागर आणि समुद्रापाशी विजयवाड्याचा १९५७ चा प्रकाशम बंधारा.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरीच जायचं म्हणते की ती!" आई म्हणाली. "मग तिला वाट नको का?"

मी म्हटले, "परदेशात देतात." हॉलंडने १९३२ साली बत्तीस किलोमीटरचा बांध घालून समुद्र अडवला, आज त्याच बांधातून माशांसाठी वाट काढण्याचे काम चालले आहे. न्यूझीलंडात तर धरणाखाली जमलेली अशी पिल्ले पकडून, टाक्यांत घालून वर नेऊन सोडतात.

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. याच पाण्यावर मामाचा ऊस उभा आहे, हे तिला ठाऊक आहे. धरणाला तिने कधी बोल लावला नाही.

"धरण असू दे," ती म्हणाली. "पण बांधताना एक दार ठेवायचं."

दुपारी तिने मामाला ओवाळले. मामाने ताम्हनात ओवाळणी घातली. ती कपाळाला लावून आई म्हणाली, "उन्हाळ्यात देऊळ उघडं पडलं, की कळव हं."

मामाने नुसती मान हलवली.