मुठीचं माप

रोह्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतीच्या सोंडेवर पॉलिश पेपर फिरवत होतो. "मामा, सरांनी पॉइंट टू-टूला परवानगी दिली. कुठलं पिस्तूल घेऊ, तू सांग." तिच्याकडे यादी तयार होती : वॉल्थर, पार्डिनी, मोरिनी, हॅमर्ली. प्रत्येकाची नळी किती लांब, वजन किती, कुणी कुठलं पदक कशाने जिंकलं, सगळं पाठ. मी म्हटलं, यादी राहू दे बाजूला, रविवारी हात घेऊन ये.

गेली चार वर्षं ती दिवा-रोहा गाडीने पनवेलला जाऊन दहा मीटरवर एअर पिस्तूल मारते आहे. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या मुलांना नेमबाजी ही फक्त टीव्हीवर बघायची गोष्ट राहिली नाही. रोह्याच्या माणसाला बंदूक नवी नाहीच म्हणा. दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलिसांची मानवंदना असते, आणि ती बघत वाढलेल्या पोराला शस्त्र धरून निश्चल उभं राहणं हा एक मान आहे, एवढं कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मते नेमबाजीचा पहिला धडा तोच.

पॉइंट टू-टूचं काडतूस दिसायला किरकोळ. 5.6 मिलिमीटरची नळी, जेमतेम 2.6 ग्रॅमचा शिशाचा दाणा. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते. इथे ती नाही. पेट घेणारं रसायन पितळेच्या बुडाच्या पोकळ कडेत बसवलेलं असतं आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटून ती चेपते. कड पेटते म्हणून रिमफायर. कड चेपता यायची तर पितळ पातळ हवं, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो. म्हणून धक्का हलका, आवाज बेताचा, काडतूस त्यातल्या त्यात स्वस्त. शिकणाऱ्याला हजारो बार मारायचे असतात. खांदा न दुखवता आणि घर न विकता ते मारता यावेत अशी ही सोय आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर. नळी लांब, दाणा तोच.

पण दाणा लहान म्हणून तो गरीब नव्हे. मोकळा सुटला तर किलोमीटरभराहून लांब जातो. "मामा, कुंडलिकेच्या काठी डबे लावून मारता येईल का, नुसतं मजेसाठी?" असं भाचीने एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं, आणि का ते पूर्ण सांगितलं. दगडावर किंवा पाण्यावर टेकलेला दाणा कुठे उसळेल याचा भरवसा नाही. पलीकडे शेत आहे, गुरं आहेत, वाट आहे. खेळाच्या परवान्यावरचं शस्त्र रेंजवरच चालवायचं. मजेची नेमबाजीही तिथेच, मागे मातीचा बांध आणि बाजूला लाल झेंडा असताना. जत्रेतले फुगे फोडायची हौस मला कळते. माझी सुरुवातही तिथलीच. नुसत्या रविवारच्या विरंगुळ्यासाठी ज्यांना यायचं आहे त्यांना मी स्वतःचं पिस्तूल घ्यायला सांगतच नाही. क्लबचं वापरा. तरीही घ्यायचंच असेल तर साधी मूठ असलेलं, मिळेल ते काडतूस गोड मानून घेणारं पिस्तूल बघावं. अमेरिकेत रूगरने 1949 मध्ये बाजारात आणलेलं पहिलं पिस्तूल याच जातीचं होतं. स्पर्धेचं पिस्तूल वेगळं. ते एका हाताचं आणि एकाच काडतुसाचं होऊन बसतं.

भाचीला स्पर्धेचंच हवं होतं. शिवाय ती डावखुरी.

रविवारी आम्ही बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर गेलो. ओळखीच्या नेमबाजांनी आपापली पिस्तुलं तिथे मारून बघायला दिली. सुरुवातीला मी तिला एकही गोळी भरू दिली नाही. रिकामं पिस्तूल धर, नळी लक्ष्याकडे, डोळे मीट, हात सवयीने उचल, आता डोळे उघड. नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसते का? पहिल्या पिस्तुलात माशी उजवीकडे पळालेली. दुसऱ्यात खाचेखाली बुडालेली, कारण मुठीचा कोन तिच्या मनगटाला परका. तिसऱ्यात जवळजवळ जागेवर. हे तिसरं तिच्या यादीत नव्हतं : जुनं वॉल्थर जीएसपी, 1968 पासून चालत आलेल्या घडणीचं, चौकोनी, चेहऱ्याने ओबडधोबड. तिच्या तोंडावरची निराशा मला दिसली. मी तिला वहीत हिशेब मांडून दाखवला.

मागची खाच आणि पुढची माशी यांत नियमाने जास्तीत जास्त 220 मिलिमीटर अंतर असतं. लक्ष्य 25 मीटरवर. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर कागदावर गोळी सुमारे 114 मिलिमीटर सरकते. अचूक नेमाच्या टप्प्यात दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं. म्हणजे पाव मिलिमीटरची चूकही दहाच्या बाहेर नेते. याउलट माशी-खाच सरळ ठेवून अख्खा हात दोन सेंटिमीटर हलला, तर गोळीही दोनच सेंटिमीटर हलते, दहातच राहते. नवखा माणूस हात हलतो म्हणून घाबरतो. हात सगळ्यांचा हलतो. घाबरायचं ते मनगट मोडण्याला, आणि मनगट मोडतं ते मूठ परकी असली की. म्हणून मी आधी मूठ बघतो, मग चाप, मग काडतूस. नाव सगळ्यांत शेवटी.

चापाचं सांगतो. या प्रकारात चाप ओढायला किमान 1000 ग्रॅम जोर लागलाच पाहिजे. स्पर्धेआधी तपासणीत चापाला किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. खटका सुटला तर पिस्तूल बाद. एअर पिस्तुलाला हीच मर्यादा 500 ग्रॅम. चार वर्षं अर्ध्या किलोवर वाढलेलं बोट एकदम किलोवर आलं की मूठ आवळते, आणि मूठ आवळली की माशी बुडते. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात : पहिला सैल, मग भिंत, मग काच तुटावी तसा सुटणारा दुसरा. ती भिंत दर वेळी त्याच जागी हवी. जुन्या जीएसपीची होती. भाचीने काडतूस न भरता वीसेकदा कोरा चाप ओढला आणि एकविसाव्या वेळी माझ्याकडे न बघताच मान हलवली.

कोरा चाप ओढण्यात एक धोकाही आहे. रिमफायरमध्ये पिन कडेवर आपटते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट नळीच्या तोंडाच्या काठावर बसते. जुनं पिस्तूल घेताना मी त्या काठावरून नख फिरवतो. खाच लागली तर आधीच्या मालकाची सवय कळते, आणि पुढे काडतूस अडकणार हेही कळतं. मग काडतूस ओढून काढणारी आकडी, मॅगझिनचे ओठ, स्प्रिंग. सुटे भाग मिळतील का हे नळीच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडे परदेशी पिस्तूल थेट मागवणं नामांकित नेमबाजांपुरतं असल्याने बाकीच्यांची भिस्त हातोहात फिरणाऱ्या जुन्या शस्त्रांवर असते.

त्यानंतर काडतुसं. तीन कंपन्यांच्या पेट्या घेऊन पिस्तूल टेकूवर ठेवून प्रत्येकीचे दहा-दहा बार मारले. या पिस्तुलांत मागे येणारा बोल्ट फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने थोपलेला असतो. काडतूस मऊ पडलं तर तो पुरता मागे येत नाही आणि पितळ अडकतं. फार तिखट असलं तर ठोके बसून भाग लवकर झिजतात. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला 320-330 मीटरच्या आसपास. सगळ्यांत महाग पेटी या पिस्तुलाला मानवली नाही. मधल्या किमतीच्या पेटीचे दहा बार आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत बसले. भाचीने तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला.

कागदपत्रांचं थोडक्यात. एअर पिस्तूल .177 च्या आत आणि 20 ज्यूलखाली असेल तर परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो. रायगडकराने अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलीस चौकशी होते, वेळ लागतो. तो वेळ मी वाया गेला असं मानत नाही. तेवढ्यात क्लबच्या पिस्तुलावर बोट किलोला सरावतं.

आणि कोकणातल्या माणसाने पावसाचा विचार केल्याशिवाय लोखंड घरात आणू नये. माझ्या पहिल्या पिस्तुलाला आषाढात चार दिवस स्पंजच्या पेटीत बंद ठेवलं होतं, तेल न लावता. पाचव्या दिवशी बोल्टवर तांबूस ठिपके. चूक माझीच. स्पंज पाणी धरून ठेवतो हे तेव्हा माहीत नव्हतं. आता पिस्तूल तेलाच्या फडक्यात, कुलूपबंद लोखंडी कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ओल लागलेलं काडतूस चुकतं, आणि चुकलेल्या काडतुसावर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायला लागतं. कधी कधी ते उशिरा पेटतं.

राहिली मूठ. जीएसपीची मूळ मूठ उजव्या हाताची, मोठ्या पंजाची. डाव्या हाताची मूठ शोधत महिने गेले असते. हंगेरीच्या कारोय ताकाचचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पुन्हा शिकून 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, तीही रॅपिड फायरमध्ये. ही गोष्ट भाचीला मी ती दहा वर्षांची असताना सांगितली होती. तेव्हा तिने विचारलं होतं, "मग त्याने मूठ कुठून आणली?" मला उत्तर आलं नव्हतं.

या वेळी आम्ही मूठ कारखान्यात केली. शाडूचा गोळा मळून, मुठीच्या लोखंडी सांगाड्याच्या मापाच्या लाकडी पट्टीभोवती थापला आणि तिला सांगितलं, लक्ष्यासमोर धरतेस तसं धर, आवळू नकोस. बोटांच्या खाचा, अंगठ्याचा कट्टा, तळहाताच्या पोकळीतला उंचवटा, सगळं शाडूत उमटलं. त्यावरून सागाचे दोन तुकडे कोरले. मनगट मोकळं राहिलं पाहिजे, त्याला मुठीचा आधार चालत नाही. आणि सगळं पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. पहिली मूठ जाडीला चार मिलिमीटर जास्त भरली. ती टाकून दिली. दुसरी कानशीने उतरवत नेली, जिथे कमी पडली तिथे लांबी भरली, पुन्हा पॉलिश पेपर.

माझे बाबा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. कारखान्यात साचा कुणीही भरे, रंग कुणीही देई, पण आखणीला बाबाच बसत. ब्रश टेकवण्याआधी ते अर्धा श्वास सोडायचे आणि उरलेला धरायचे. त्या दोन-चार क्षणांत रेघ पूर्ण व्हायची. रेघ लांबली आणि श्वास पुरला नाही, तर हात मागे घ्यायचे, जबरदस्तीने ओढायचे नाहीत. पिस्तुलात नेम लांबला की हात खाली घ्यायचा असतो, हे मला पुढे रेंजवर शिकवलं गेलं तेव्हा नवं वाटलं नाही. बाबांच्या ब्रशांच्या दांड्यांना सुतळी गुंडाळलेली असे, प्रत्येकीला त्यांच्या चिमटीच्या मापाने. दुसऱ्या कुणाला त्या ब्रशांनी काम जमत नसे.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनी 2018 मध्ये पालेमबांगला आशियाई स्पर्धेतलं 25 मीटरचं सुवर्ण बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेऱ्यांत जिंकलं. तीन सेकंद लक्ष्य समोर येतं, सात सेकंद जातं, हात खालून वर येतो आणि एकच गोळी. त्या तीन सेकंदांत माशी शोधायला वेळ नसतो. ती आधीच जागेवर असावी लागते. भाचीने हा अंतिम सामना इतक्यांदा पाहिला आहे की राहींचा हात कधी उचलणार हे ती पडद्याकडे न बघता सांगते.

मूठ वाळल्यावर ती पुन्हा रोह्याहून आली. जीएसपीच्या मालकाला कारखान्यातच बोलावलं होतं. परवाना हातात येईपर्यंत पिस्तूल त्यांच्याच ताब्यात. त्यांनी जुनी मूठ उतरवून नवी बसवली, बोल्ट मागे ओढून आत दिवा दाखवला, मी पाहिलं, तिने पाहिलं, मग पिस्तूल टेबलावर ठेवलं. पलीकडच्या कोऱ्या भिंतीवर मी कोळशाने काळा ठिपका काढला. ती आडवी उभी राहिली, उजवा हात खिशात. डोळे मिटले. हात वर आला, थांबला. अर्धा श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

डोळे उघडले. काही बोलली नाही. हात खाली घेतला, डोळे मिटले आणि पुन्हा उचलला.