मेटावरची माणसं

लासलगाव म्हटलं की कांदा. १९४७ साली सुरू झालेल्या इथल्या बाजार समितीचं नाव देशभर घेतलं जातं आणि हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेपलीकडे कोणाची नजर जात नाही. पण पावसाळा सरला, हवा धुऊन निघाली, की उत्तरेला चांदवडची डोंगररांग उभी राहते. चांदवडचा किल्ला, इंद्राई, राजधेर, कोळधेर. पश्चिमेला सरकत गेलं की धोडप. पूर्वेकडे मनमाडजवळ अणकाई-टणकाई. गडांवर माणसं घेऊन जाणाऱ्या वाटाड्याला राहायला याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

वाटाड्याचं कसब म्हणजे वाट माहीत असणं, असं बरोबर आलेल्यांना वाटतं. वाट तर गुराख्याच्या पोरालाही माहीत असते. खरं कसब उतार वाचण्यात आहे. लोकांना ओढ दरवाजाची. कधी एकदा बुरूज दिसतो, टाकं लागतं आणि मोबाईल बाहेर निघतो! जाणता वाटाड्या मात्र निम्म्या चढावर, झाडीतल्या एखाद्या सपाटीवर सगळ्यांना बसवतो. दम खायला म्हणून नव्हे. गड इथूनच सुरू होतो, हे त्याला दाखवायचं असतं.

या जागेला मेट म्हणतात. गडाच्या पोटाशी, उतारावर, तटाच्या बाहेर बसवलेली पहाऱ्याची चौकी म्हणजे मेट आणि ती राखणारे ते मेटकरी. किल्ल्यांवरच्या पुस्तकांत माची, बालेकिल्ला, जंग्या, चर्या हे सगळं भरपूर सापडतं. मेटाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. त्यामुळे घोटाळेही होतात. माची ही गडाचाच भाग, बहुधा तटाच्या आतली. घेरा म्हणजे गडाच्या पायथ्याभोवतीचा मुलूख. ‘घेरा पुरंदर’, ‘घेरा सिंहगड’ अशी गावांची नावं त्यावरून आजही चालू आहेत. मेट या दोहोंच्या मध्ये. युरोपातल्या किल्ल्यांना दरवाजापुढे बार्बिकन नावाचं भक्कम बांधकाम असे, पण ते दगडाचं आणि दरवाजाला चिकटलेलं. मेटाची सगळी ताकद तिथे राहणाऱ्या माणसांत होती.

मेटाची जागा ओळखायची कशी? डोंगराची सोंड उतरून जिथे पायवाटांना मिळते, तिथे आधी पाहावं. खाली गाव दिसलं पाहिजे, वर तट दिसला पाहिजे आणि हाकेच्या अंतरावर पाणी हवं. या तीन गोष्टी जुळल्या की वाटाड्या गवत बाजूला सारतो. मातीत बुडालेली जोत्याच्या दगडांची एक ओळ निघते. जरा पलीकडे कातळात वीतभर खोल गोल खळगा. आतून हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. उखळ आहे ते. इथे कोणी बाई धान्य कांडत होती. झाडाखाली शेंदूर फासलेला तांदळा असतो आणि त्याला नारळ फोडायला खालच्या वाडीतून अजून कोणी तरी येतं. पहारा म्हटलं की भाला घेतलेला शिपाई डोळ्यांसमोर येतो. मेटावर मात्र संसार होते, कोंबड्या-शेरडं होती, आणि रात्री अनोळखी पाऊल वाजलं तर पहिलं तिथलंच कुत्रं भुंकत असणार.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडाभोवतालची झाडी कसोशीने राखावी, ती तोडू देऊ नये, असा दंडक आहे. उतार हा गडाचाच अवयव मानला जात होता, याला याहून चांगला पुरावा नको.

मेट हा शब्द नाशिक जिल्ह्यात आजही जिवंत आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, म्हणजे जुन्या त्र्यंबकगडावर, ‘मेटघर किल्ला’ नावाचं गाव आहे. त्याच्या वाड्या डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या एकीचं नाव सुपलीची मेट. तिकडे पुणे जिल्ह्यात तोरण्याजवळ मेटपिलावरे आहे. कोशात दुर्मीळ ठरलेला शब्द इथे रेशनकार्डावरच्या पत्त्यात आहे. ज्या डोंगरातून गोदावरी निघते, त्याच डोंगरावर उन्हाळ्यात विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या मेटघरच्या बायकांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. गोदेचा उगम बघायला येणाऱ्यांनी या वाड्याही बघाव्यात, असं मनापासून वाटतं.

मेटकरी कोण होते? रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी. डोंगराची नस न् नस ठाऊक असलेल्या या लोकांना राखणीबद्दल जमिनी आणि हक्क मिळत. १८१८ साली इंग्रजांनी महिन्या-दोन महिन्यांत नाशिक भागातले गड घेतले. पुढे अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. राजधेरला आज दरवाजाखाली लोखंडी शिडी चढावी लागते, ती तुटलेल्या वाटेमुळेच. पायऱ्या उडाल्याची हळहळ सगळेच करतात. शिबंदी मोडली तेव्हा राखणदारांची भाकरी गेली, त्याचं दुःख फारसं कोणी बोलून दाखवत नाही. त्यांनी ते मुकाट्याने सोसलं नाही. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचे नाईक उमाजी यांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली. नाशिक-नगरच्या डोंगरांत महादेव कोळ्यांनी बंड उभारलं, त्यात रामजी भांगरे होते. त्यांचे पुत्र राघोजी यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. या बंडांमागे सावकारीचा जाचही होता. पण पिढ्यान् पिढ्या गड राखणाऱ्यांना एका फटक्यात रिकामं केलं गेलं, हेही त्या बंडांचं एक मूळ आहे.

म्हणून गडाची गोष्ट किल्लेदाराशी आणि तहाशी संपवणं वाटाड्याला पटत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही आहे. त्या नोंदीच्या नावातच मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश आहे, नुसत्या वास्तू नाहीत. आता गडोगडी नवे फलक लागतील. दरवाजांची आणि टाक्यांची नावं त्यांवर येतीलच. ते रंगवण्याआधी पायथ्याच्या वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला बरोबर घेऊन उतार फिरावा आणि मेटाच्या जागा नकाशावर टिपून घ्याव्यात. त्याला त्या माहीत असतात. दुपारी गुरं तिथेच बसवतो तो.