वर्षीतपाची खिडकी

खामगावातील कापसाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या एका शेठजींच्या पत्नीने वयाच्या ६२ व्या वर्षी, फाल्गुन वद्य अष्टमीला, वर्षीतप आरंभिले. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असा क्रम थेट पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. शेठजींना स्वतःला तप झेपणारे नव्हते. तेव्हा पत्नीच्या सामायिकाच्या खोलीतील पूर्वेच्या खिडकीत एकही दिवस फुलाविना जाऊ द्यायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले. बाईंची अट एकच होती: फूल तोडायचे नाही.

न तोडता दोन-अडीच महिने टिकणारे फूल म्हणजे फॅलेनॉप्सिस. पतंगासारखे दिसणारे, या अर्थाने ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नाव दिले. शेठजींकडे अशा तीन कुंड्या होत्याच. पण तिन्ही मोठ्या पांढऱ्या फुलांच्या, एकाच संकराच्या. अशा संकरांना फुलदांडा धरण्यासाठी काही आठवडे २५ अंशांखालचा गारवा लागतो. खामगावात तो दिवाळीनंतर मिळतो. म्हणून तिन्ही झाडे माघ-फाल्गुनात एकदम फुलत आणि वैशाखात एकदम रिती होत. साऱ्या मुदत ठेवी एकाच तारखेला पिकाव्यात, तसाच हा प्रकार!

मग निवड बदलली. उन्हाळा-पावसाळ्यासाठी बोर्निओची बेलिना आणि मलायाकडची व्हायोलेसिया. उष्ण देशांतल्या या जाती उकाड्यातच फुलतात, एका वेळी एक-दोनच, पण सुगंधी, आणि त्यांचा दांडा हिरवा असेतो कापायचा नसतो. शरदासाठी पुल्चेरिमा, तिच्या जोडीला लहान फुलांची इक्वेस्ट्रिस. बोअरच्या जड पाण्याने पानांवर क्षार चढतात, म्हणून गच्चीवरचे पावसाचे पाणी साठविले. वैशाखातील कोरड्या हवेवर उपाय कूलरचा. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य हा घरचा नियम झाडांनाही मानवला, कारण पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिले की गाभा कुजतो.

आषाढापर्यंत हिशेब चुकला नाही. श्रावणात बेलिनाच्या पानांखाली पिठ्या ढेकूण दिसला आणि चार दिवसांत व्हायोलेसियावरही गेला. मुलाने औषधाची बाटली आणली. शेठजींनी ती हातात घेतली, झाकणही सैल केले. बाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, जीव घेऊन राखलेले फूल माझ्या तपाला नको."

दोन्ही कुंड्या अंगणात कडुनिंबाखाली गेल्या. पुल्चेरिमाच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या, त्यामुळे पर्युषणाचे आठही दिवस खिडकी रिकामी राहिली. शेठजींना ते फार लागले. बाईंनी एकदाही तिकडे पाहून काही विचारले नाही. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमणानंतर त्यांनी प्रथम शेठजींनाच 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले.

अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे झाले, तेव्हा खिडकीत पांढऱ्या संकराची शेवटची सात फुले होती. अंगणातल्या बेलिनाने एक नवा दांडा काढला आहे. पिठ्या कमी झाला आहे, पण गेलेला नाही. कुंडी अद्याप आत आणलेली नाही.