रिकामंच आहे

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एकच शस्त्र चालवता येतं, ते म्हणजे स्टेपलर. त्याच्या दुरुस्तीत मात्र माझा हात कुणी धरणार नाही. पिन आडवी अडकली, तर ती कशी काढायची हे विचारायला थेट कर्जविभागातून माणसं माझ्या टेबलाशी येतात. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एक बिल्डर शेठ वसईच्या आमच्या शाखेत आले आणि "जरा अडकलंय हो" म्हणाले, तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला. हातात पडलं ते पिस्तूल.

म्हणजे रीतसर परवान्याचं, ०.३२ बोअरचं. शेठना महिनाभर मुलाकडे परदेशी जायचं होतं आणि तोवर ते लॉकरमध्ये ठेवायचं होतं. लॉकरच्या करारात शस्त्र ठेवायला बंदी आहे, हे मी सांगितलं. "मग आमच्या दागिन्यांची राखण कोण करणार?" असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर करारात नाही.

"घ्या हो हातात, रिकामंच आहे. मॅगझिन केव्हाच काढलंय," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या खिशातून मॅगझिन काढून दाखवलं. व्यवहाराची वेळ संपली होती, साहेब विभागीय कार्यालयात गेले होते. चाळिशी उलटलेल्या वाणिज्य पदवीधराच्या आयुष्यात असे क्षण किती येतात? मी एक डोळा मिटला आणि पिस्तूल साहेबांच्या केबिनवर रोखलं. तोंडानं 'ठो' असंही म्हटलं. (कारण बदलीचा अर्ज. तो विषय वेगळा.)

एवढ्यात आमचे हवालदारमामा आले. मामा आमचे गार्ड, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. बँकेची बाराबोअरची दुनळी दर शनिवारी पुसतात. ती कधी उडाल्याचं शाखेत कुणाला आठवत नाही. वसईच्या खाऱ्या हवेत आमच्या तिजोरीच्या बिजागऱ्यांनाही गंज चढतो, पण मामांच्या बंदुकीला नाही.

"क्लार्कसाहेब, नळी खाली."

मामा बँकेत सगळ्यांशी अदबीनं बोलतात. ही अदब नव्हती. माझा हात आपोआप खाली आला.

त्यांनी पिस्तूल घेतलं, बोट चापापासून लांब ठेवलं आणि नळी आगीच्या लाल बादलीतल्या वाळूकडे धरली. मग मला समजावलं. चाप ओढला की गोळी सुटते. तिच्याच धक्क्यानं वरची स्लाइड मागं जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढं येता येता मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. आपण दर गोळीला चाप तेवढा ओढायचा. म्हणून हे अर्धं स्वयंचलित. आमचं पासबुक छापायचं यंत्रही याच जातीचं आहे: अर्धं काम ते करतं, अर्धं मी.

इथं स्लाइड पुरती पुढं आलीच नव्हती. बोटभर आधी थांबली होती.

"तेल कुठलं घातलंत, शेठ?"

"घरचं. खोबरेल."

उलगडा झाला. खंडेनवमीला शेठनी शस्त्रपूजा केली होती. आधी खोबरेल, वर हळदकुंकू, शिवाय अक्षता. मग उत्साहाच्या भरात मॅगझिन घालून स्लाइड ओढून सोडली, ती अडकली. शेठनी मॅगझिन काढलं आणि पिस्तूल चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात टाकलं. चामडं दमट हवा धरून ठेवतं. थंडीत खोबरेल थिजलं आणि कुंकवाचा चांगला लेप बसला. नंतर मी वाचलं, की ब्राउनिंगसाहेबाचं पिस्तूल १९११ साली अमेरिकन लष्करानं चाचणीला घेतलं, तेव्हा ६,००० गोळ्या झाडूनही अडलं नव्हतं. पण त्या चाचणीत हळदकुंकू नसावं.

शेठ म्हणाले, "अहो, २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचंही बिघडलं होतं!"

"ते एअर पिस्तूल, शेठ. आणि पोरगी वीसेक मिनिटांत परत नेम धरून उभी होती. तुम्ही दसऱ्यापासून बसलाय."

एवढं बोलून मामांनी स्लाइडला हिसका दिला. टक् असा आवाज झाला, पिवळं काहीतरी उडालं, फरशीवर टणटणलं आणि घरंगळत टेबलांखाली गेलं.

"मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं होत नाही," मामा म्हणाले. "नळीतलं नळीतच राहतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग डोळ्यानं बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं रिकामं, ते रिकामं धरायचं नाही."

मी खुर्चीत बसलो. बसावंच लागलं.

शेठ मॅगझिनमधली काडतुसं मोजू लागले. सात भरली. "आठ होती," ते म्हणाले. मग एका काडतुसाचा शोध सुरू झाला. पूर्वी रुपयाचा फरक निघाला की आम्ही असेच रात्री आठपर्यंत थांबत असू. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यानंतर वसईत दारूगोळ्यासाठी एवढी धावपळ झाली नसेल. टेबलांखाली नऊ पिना, एक पितळी टोकन आणि कुणाची तरी कवळी निघाली. काडतूस निघालं नाही. मामा एकीकडे शेठना पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पिस्तूल जमा करायचा रस्ता सांगत होते, आणि साफसफाईही तिथंच करून घ्या म्हणत होते: तेल बंदुकीचंच, तेही बोटाला जेमतेम लागेल एवढं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडून सफाईच्या मावशी बाहेर आल्या. हातात ओलं फडकं होतं. साहेबांच्या टेबलामागची फरशी पुसायला त्या साडेचारपासून आत खाली बसल्या होत्या. बाहेरून दिसत नव्हत्या. मला तर नव्हत्याच दिसल्या.

"साहेब," त्यांनी मूठ उघडून माझ्यासमोर धरली, "दाराच्या फटीतनं आत आलं बघा. तुमच्या पेनाचं टोपण काय?"

मी खिशातलं पेन काढून पाहिलं. टोपण जागेवर होतं.