लॉस एंजेलिसचे कॅथेड्रल

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचे संत विबियानाचे जुने कॅथेड्रल १९९४ च्या भूकंपात निकामी झाले. राफाएल मोनेओ या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञाने नव्या जागी उभारलेले देवदूतांच्या मातेचे कॅथेड्रल २००२ च्या सप्टेंबरात समर्पित करण्यात आले. सोनेरी वेद्यांची सवय जडलेल्या आमच्या डोळ्यांस काँक्रीटच्या त्या मातकट, उघड्या भिंती प्रथम रुक्षच वाटल्या. परंतु देवमंदिराची पारख रस्त्यावरून करू नये.

रॉबर्ट ग्रॅहॅम यांनी घडविलेल्या ब्राँझच्या भव्य दारांवर पवित्र मरियेची मूर्ती उभी आहे. मस्तकी पदर नाही, मुकुट नाही. मस्तकामागे एक गोल पोकळी राखिली आहे. तीतून दिसणारे आकाश हेच तिचे तेजोवलय!

आत शिरताच वेदी दिसत नाही. लांब मार्गिकेतून चालत स्नानकुंडाच्या बाजूस यावे, तेथे वळावे, तेव्हा लाल संगमरवराची वेदी समोर येते. स्नानसंस्कारातूनच प्रभूच्या मेजाकडे वाट जाते, ही शिकवण येथे पायांनाच मिळते. खिडक्यांना अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ चकत्या बसविल्या आहेत. बाहेरचे प्रखर ऊन त्यांतून सौम्य होऊन उतरते.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जॉन नावा या चित्रकाराने योजिलेले आणि बेल्जियममध्ये विणलेले २५ पडदे आहेत. त्यांवर १३५ संत व धन्यवादित उभे असून सर्वांची मुखे वेदीच्या दिशेस आहेत. कित्येक संतांसाठी चित्रकाराने आपल्या ओळखीची साधी माणसेच नमुना म्हणून घेतली. शिवाय त्या रांगांत १२ आकृतींखाली नावच नाही, आणि त्यांत मुलेही आहेत. वेदीमागील पडद्यांवर तर त्या शहराच्या रस्त्यांचा नकाशा विणला आहे.

त्या बिननावाच्या आकृतींपाशी आम्ही अधिक वेळ थांबलो. दरवर्षी १ नोव्हेंबरला आपण सर्व संतांचा सण पाळतो, तो अशांचाही असतो. पहाटे शेतावर जाण्यापूर्वी गुडघे टेकणारा बाप, दिव्याच्या उजेडात लेकरांकडून जपमाळ म्हणवून घेणारी आजी, यांची नावे कोणत्याही पंचांगात नाहीत. मिस्सेसाठी बाकावर बसलेला मनुष्य मात्र त्यांच्याच रांगेत, त्यांच्याच दिशेने पाहत असतो. वाचकहो, येत्या रविवारी आपल्या लहानशा मंदिरात बसाल, तेव्हा शेजारच्या त्या अदृश्य सोबत्यांचे स्मरण असू द्या.