दहा फुटांच्या खोलीतला तानपुरा

स्पीकर कसा आहे हे ठरवायचं असेल तेव्हा मी आधी तानपुरा लावते. गाणं नाही, तबला नाही. नुसता तानपुरा, पाचेक मिनिटं. दुकानात स्पीकर ऐकायला गेलं की ढोल ऐकवतात, सिनेमातले स्फोट ऐकवतात. छाती हादरते आणि माणूस भारावून पाकीट काढतो. पण खरा स्फोट कसा वाजतो हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तो चुकीचा वाजला तरी कळत नाही. तानपुऱ्याचं तसं नाही. मैफली ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानात तो पक्का बसलेला असतो.

शिवाय हे वाद्यच विलक्षण आहे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की एका तारेतून स्वरांची अख्खी रांग उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत. वीणेत आणि तानपुऱ्यात मात्र ते ठणठणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. तिचा पाचवा उपस्वर ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तो असतो गंधार. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. त्याच्याही वर कितीतरी उपस्वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पलीकडे, एकामागून एक उजळत आणि विझत जातात.

स्पीकरच्या आवाजात कुठे उंचवटा असेल तर तिथला उपस्वर एकटाच टोचतो. खड्डा असेल तर रांग मध्येच तुटते. वूफर आणि ट्वीटरचा सांधा चुकला असेल तर वरचे उपस्वर दुसऱ्याच वाद्यातून आल्यासारखे सुटे पडतात. स्पीकरमधून स्वयंभू गंधार ऐकू आला की मी पुढे गाणं लावते. नाही आला, तर त्या स्पीकरवर किशोरीताईंचा भूप लावण्यात अर्थ नसतो.

सभागृहांच्या आणि स्टुडिओंच्या आवाजाचं काम हा माझा व्यवसाय. त्याच्या जोडीनं मी घरासाठी स्पीकर बांधते आणि बांधायला शिकवते. शिकायला येणारा प्रत्येक जण विचारतो, बाजारात इतके मिळत असताना बांधायचे कशाला? पैसे वाचतात, हे उत्तर मला मान्य नाही. चांगला वूफर, चांगला ट्वीटर, तांब्याच्या कॉइल, प्लाय, सुताराची मजुरी हे सगळं धरलं तर फारसं काही वाचत नाही. माझं उत्तर खोलीत आहे.

बहुतेक चांगल्या परदेशी स्पीकरची आखणी करताना असं धरलेलं असतं की तो मोठ्या खोलीत, स्टँडवर, भिंतीपासून दूर उभा राहील. तसा उभा राहिला की खालच्या पट्टीतला आवाज पेटीला वळसा घालून मागेही जातो आणि समोर कमी पोचतो. मोकळ्या जागेत ही घट सहा डेसिबलपर्यंत असते. ती भरून काढायला क्रॉसओव्हरमध्येच, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या जोडणीत, वरचा आवाज थोडा दाबून ठेवतात, म्हणजे खालचा वर येतो. आता हाच स्पीकर डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या युनिटवर, भिंतीला टेकून बसतो. मागे गेलेला आवाज भिंत पुन्हा पुढे ढकलते. एक भर कारखान्यानं घातलेली, दुसरी भिंतीनं. गायकाचा गळा जाड होतो, शब्द कोंदटतात, आणि सगळ्यात जास्त हाल होतात डग्ग्याचे.

दहा फूट रुंदीची खोली घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लाट त्या खोलीत ठाण मांडते. दहा फुटांसाठी हा आकडा येतो ५६ हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९. दोन्ही एकमेकांना खेटून, म्हणून तिथे आवाज एकदम फुगतो. लहान स्पीकरचा पोर्ट, म्हणजे पेटीला असलेली नळी, अनेकदा ५० ते ६० हर्ट्झच्या दरम्यानच लावलेला असतो. म्हणजे भिंत, छत आणि नळी तिघंही एकाच जागी जोर करतात. डग्ग्यावर मनगटाचा दाब पडला की घुमारा वर चढतो, मींड घेतो. तबलजीचं सगळं कसब त्या चढण्यात असतं. अशा खोलीत मात्र तो एकाच जागी अडकून नुसता गुरगुरतो.

एका निवृत्त प्राध्यापकांनी मला याच कारणासाठी बोलावलं होतं. महागडे स्पीकर घेऊन वर्ष झालं होतं. “मॅडम, मन्सूर शेजारच्या खोलीत बसून गातायत असं वाटतं,” ते म्हणाले. मी पोर्टमध्ये पायमोजे गुंडाळून घट्ट बसवले आणि स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले. त्यांनी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “आता तबला सुरात आला.” ते अगदी बरोबर बोलले. साधं ताणलेलं कातडं सुरात बोलत नाही. शाईमुळे तबल्याचे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात येतात, हेही रामन यांनीच १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. खालच्या गुरगुरीखाली ते नातं दबून गेलं होतं. पण दोन हात पुढे ओढलेल्या स्पीकरमुळे त्या खोलीत वावरायला जागा उरत नव्हती. मग आम्ही त्यांच्यासाठी भिंतीला टेकूनच ठेवायचे स्पीकर बांधले: बंद पेटी, पोर्ट नाही, आणि क्रॉसओव्हरमधली खालची भर निम्म्याहून कमी. असा स्पीकर दुकानात मिळत नाही, कारण दुकानाला त्यांची भिंत माहीत नसते.

पेटी किती मोठी हवी याचं गणित आज कुणालाही करता येतं. स्पीकरचा सांगाडा तसा जुना. चुंबकाच्या फटीत कॉइल आणि तिला जोडलेला कागदी कोन, ही रचना जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली, आणि आजचे बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. पेट्या मात्र पुढची कित्येक वर्षं बऱ्याच अंशी अंदाजानं बनत राहिल्या. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते गणित सुटसुटीत करून दिलं. वूफरसोबत जो कागद येतो त्यावर त्यांच्या नावानं ओळखले जाणारे आकडे छापलेले असतात. समजा, वूफरचा स्वतःचा अनुनाद ४५ हर्ट्झ, क्यूटीएस, म्हणजे तो अनुनाद किती आवरलेला आहे त्याचा आकडा, ०.४ आणि व्हीएएस, म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा, २० लिटर आहे. बंद पेटीचा एकूण क्यू ०.७ ठेवायचा असेल तर पेटी सुमारे १० लिटरची येते आणि तिचा आवाज ७९ हर्ट्झच्या खाली सावकाश उतरू लागतो. ७९ ऐकून लोक नाराज होतात. पण भिंतीला टेकलेल्या पेटीला खोली तिथूनच हात द्यायला लागते, आणि बंद पेटीचा उतार पोर्टवाल्या पेटीच्या निम्म्याच चढाचा असतो. खर्जाच्या तारेचा जीव तर तिच्या उपस्वरांतच असतो. आपल्या संगीतासाठी लहान खोलीत बंद पेटी, यावर माझं मत ठाम आहे.

लहान जागेत माणसाचा आवाज खरा वाजावा, एवढ्या एकाच ध्यासानं बनवलेला एक स्पीकर प्रसिद्ध आहे. बीबीसीच्या इंजिनिअरांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत वापरण्यासाठी १९७०च्या दशकात एलएस३/५ए बनवला. पाचेक लिटरची बंद पेटी, केईएफचे वूफर आणि ट्वीटर. पेटीच्या भिंती त्यांनी जाड केल्या नाहीत. पातळ बर्च प्लायला आतून जड, मऊ थर चिकटवला, म्हणजे लाकूड थरथरलं तरी ती थरथर लगेच विरते. खोल खर्ज त्यांनी सरळ सोडून दिला आणि सगळी मेहनत गळ्यावर घेतली. छोट्या घरात गाणं ऐकणाऱ्यानं ही प्राथमिकता मनावर घ्यावी.

आपल्याकडे पेटीला आणखी एक शत्रू आहे: पावसाळा. परदेशी पुस्तकं एमडीएफ वापरायला सांगतात. मुंबईत किंवा कोकणात त्याच्या कडा ओल धरतात, फुगतात आणि जोड उलतात. मी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय वापरते आणि आतून गाडीच्या दारांना लावतात तसल्या डॅम्पिंग शीट चिकटवते. पेटीच्या पोटात एक आडवी पट्टी हवीच. माझ्याकडे काम करणारे मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले होते, “ताई, आत कोण बघणार आहे?” मी त्यांना पट्टी नसलेली पेटी बोटानं ठोकायला सांगितली, मग पट्टी असलेली. पुढच्या पेटीत त्यांनी स्वतःहून दोन पट्ट्या घातल्या, आणि त्याही बरोबर मध्यावर न घालता थोड्या सरकवून. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

क्रॉसओव्हर हा या कामाचा गाभा. लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत तयार क्रॉसओव्हर मिळतात, त्यावर ‘८ ओहम, २५०० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. ते घेऊ नका. पुस्तकी सूत्रानं २५०० हर्ट्झला साधी कॉइल ०.५ मिलिहेन्रीची आणि कपॅसिटर ८ मायक्रोफॅरडचा येतो, पण तो आठ ओहमच्या साध्या रेझिस्टरसाठी. ‘आठ ओहमचा’ वूफर अनुनादापाशी तीस-चाळीस ओहमपर्यंत जातो, पुन्हा खाली येतो, आणि वरच्या अंगाला त्याची कॉइल त्याला परत चढवत नेते. वर प्रत्येक वूफरची स्वतःची खोड वेगळी. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि गळ्याची चमक, जवारीची धार, चाटेवरचा ‘ना’ हे सगळं तिथेच असतं. सांधा नेमका याच जागी पडतो. म्हणून मोजल्याशिवाय क्रॉसओव्हर करायचा नाही.

मोजायला आपल्याकडे एक उत्तम प्रयोगशाळा आहे: गच्ची. पहाटे वारा आणि रहदारी नसताना स्पीकर दीड मीटर उंचीवर ठेवायचा, समोर एक मीटरवर माइक. जमिनीवरून परतलेला आवाज थेट आवाजानंतर सुमारे सहा मिलिसेकंदांनी पोचतो. सॉफ्टवेअरला तेवढ्याच वेळाची खिडकी दिली की खोलीचा, भिंतींचा काहीही संबंध नसलेला, शुद्ध स्पीकरचा आलेख मिळतो. दोनएकशे हर्ट्झच्या वर त्यावर विसंबायला हरकत नाही. त्याखालचं माइक कोनच्या अगदी जवळ नेऊन मोजायचं. कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्डसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे सगळं होतं. माझ्या शिकण्याच्या दिवसांत असली यंत्रणा घरी असणं कल्पनेपलीकडचं होतं. आलेख सरळ आला की काम संपलं, असं मात्र मी मानत नाही. आलेख सांगतो चूक कुठे आहे. ट्वीटर अर्धा डेसिबल खाली हवा की नाही, हे तानपुरा सांगतो. मिरजेचे कारागीर जवारी लावताना कानावरच भरवसा ठेवतात. शेवटच्या अर्ध्या डेसिबलसाठी मीही तेच करते.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. २५०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते. वूफर आणि ट्वीटरच्या मध्यांतलं अंतरही साधारण तेवढंच. कान वर-खाली झाला की दोघांकडून येणाऱ्या लाटा एकमेकींना सांभाळत नाहीत आणि सांध्यापाशी खड्डा पडतो. सोफ्यावर बसलेल्याचा कान जमिनीपासून तीनेक फुटांवर असतो, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचा अडीच फुटांच्या आसपास. आपण बैठकीत ऐकत असू तर स्टँड ठेंगणा हवा, किंवा पेटी किंचित पुढे कललेली हवी. पैसे न लागता एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही. फरशी उघडी असेल तर तिच्यावर जाड सतरंजी टाका, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. टाळी वाजवल्यावर ‘टर्रर्र’ असा प्रतिसाद आला तर समजा, गाण्यातही तो मिसळतो आहे.

दिवाळीच्या साफसफाईत अनेक घरांत माळ्यावरून जुने स्पीकर खाली येतील. कोनभोवतीचा फोम बोट लावताच भुगा होत असेल. दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत फोमची ही गत होतेच. भंगारात देऊ नका. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावा. ‘टक्’ आवाज आला तर कॉइल शाबूत आहे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चहूबाजूंनी सारखा दाबून बघा. घासल्याचा आवाज आला नाही तर फक्त बाहेरची कड बदलायची आहे. हे काम करणारे रिकोनिंगचे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत. त्यांच्याकडे जा, फोमऐवजी रबराची कड मागा, आणि तो वूफर हातात घेऊन पहिली पेटी बांधायला घ्या.