दुसऱ्याचे सूत

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या अंगणात मुलांसाठी दोन पाट मांडले होते. एक आमच्या मुलीचा, दुसरा त्याचा. यंदा एकच मांडायचा. तो गेला म्हणजे आपल्या आईच्या घरी गेला. गोष्ट आनंदाचीच आहे. तरीही परवा सौभाग्यवतीने माळ्यावरून दोन्ही पाट काढले आणि त्यांतला एक पुसून पुन्हा वर ठेवला, तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

त्याचे नाव मी सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही छापायला बंदी आहे. म्हणून तपशीलही मी थोडे बदलूनच सांगतो. कादंबऱ्यांतून आजवर कितीतरी पात्रांची बारशी केली. ज्याचे नाव लिहावेसे वाटते, त्याचेच नेमके लिहिता येत नाही!

सुरुवात एका गोष्टीपासून झाली. नागपूरच्या एका बालगृहात मुलांना गोष्टी सांगायला मला बोलावले होते. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, "गुरुजी, तुम्ही रात्री पण गोष्ट सांगता?" मी म्हणालो, "घरी सांगतो, माझ्या मुलीला." तो काही बोलला नाही. खाप्याला परतताना एस.टी.त माझ्या डोक्यात तेवढेच घोळत राहिले.

आम्हांला वाटले, दत्तकच घ्यावे. पण चौकशीला गेलो तेव्हा कळले की बालगृहातली सगळीच मुले दत्तक देता येत नाहीत. कुणाची आई आजारी असते, कुणाचा बाप तुरुंगात असतो. आईबाप आहेत, पण आज ते सांभाळू शकत नाहीत. अशा मुलाला काही काळ परक्या कुटुंबात वाढू द्यायचे आणि घरची घडी बसली की परत पाठवायचे, याला प्रतिपालकत्व म्हणतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ४४ वे कलम ते हेच. दत्तकात मूल तुमचे होते. प्रतिपालकत्वात तुम्ही मुलाचे होता. मूल मात्र ज्याचे त्याचेच राहते.

अर्ज नागपूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दिला. नवराबायको दोघांची संमती, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांची पडताळणी, मिळकतीचे कागद, सगळे झाले. मग गृहचौकशीला एक तरुण बाई आल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, न्हाणीघर पाहिले, आणि आमच्या मुलीला बाजूला घेऊन विचारले, "तुला चालेल का?" मुलगी म्हणाली, "चालेल. माझी सायकल मात्र माझीच राहील." बाईंनी तेही लिहून घेतले. माझ्या एकाही पुस्तकाची नोंद त्यांनी केली नाही!

पुढचा निर्णय बाल कल्याण समितीचा. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. मुलाचे मतही विचारात घेतले जाते. मला प्रश्न विचारणारा मुलगा आमच्याकडे येईल अशी मी मनाशी गाठ बांधली होती. पण तोवर त्याचे मामा त्याला घेऊन गेले होते. आमच्याकडे आला तो दुसराच. आठ वर्षांचा, वडील वारलेले, आईला क्षय झालेला. साध्या औषधांना दाद न देणारा तो क्षय, म्हणून उपचार लांबणार होता.

गावात पहिला प्रश्न आला तो पैशाचा. "महिन्याचे किती भेटते, मास्तर?" खरे तेच सांगतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत पूर्वी महिना ४२५ रुपये मिळत; २०२३ मध्ये ही रक्कम २,२५० झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यात ४,००० रुपयांची तरतूद आहे. एवढ्यात मुलाचे दूध, वह्या, चपला निघतात. कुणाचे घर उभे राहत नाही. राज्याच्या योजनेला आता सावित्रीबाईंचे नाव दिले आहे. १८७४ साली त्यांनी आणि ज्योतिरावांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेतले होते. तो काळ आठवला की आमचे धाडस फारच लहान वाटते.

पहिले काही आठवडे तो रोज रात्री एकच विचारी, "उद्या पण इथंच का?" आम्ही म्हणायचो, "हो, इथंच." एके दिवशी तो विचारीनासा झाला. आम्हांला ते चार दिवसांनी लक्षात आले. तो मला काका म्हणे, हिला काकू. आई म्हणायला लावू नका, असे आम्हांला आधीच बजावले होते. महिन्यातून एकदा तपासणीला येणाऱ्या बाई त्याच्याशी एकट्याने बोलत. महिन्यातून एकदा मी त्याला आईच्या भेटीला नेई. दवाखान्याच्या अंगणात, मोकळ्या हवेत, तोंडाला फडके बांधून ती लांबूनच त्याच्याकडे बघत बसे.

पावसाळ्यात त्याला ताप भरला. मध्यरात्री तो "माय, माय" म्हणू लागला. ही पटकन म्हणाली, "हो रे बाळा." ताप उतरला, पण सकाळी ही चुलीपुढे रडत बसली. म्हणाली, "त्यानं त्याच्या आईला हाक मारली हो, आणि ओ मी दिली."

आता जे सांगतो ते हिलाही मी पुष्कळ दिवस सांगितले नव्हते. एके दिवशी दवाखान्यातून निरोप आला की त्याच्या आईच्या थुंकीत आता जंतू सापडत नाहीत, ती सुधारते आहे. तो ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला, एवढ्या लवकर? एका आईने आणखी काही महिने आजारी राहावे, असे मला क्षणभर वाटले! मुलांना नीतीचे धडे देणारा मी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचे खापा कन्हानच्या काठचे, कोष्ट्यांचे गाव. पूर्वी घरोघर हातमाग खडखडत. आता थोडेच उरले आहेत. आमच्या शेजारचे म्हातारबाबा अशांपैकी एक. त्यांच्यापाशी मी मन मोकळे केले. ते धोटा हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, जिंदगीभर शेठजीच्या सुतावर लुगडी विणली. सूत त्याचं, लुगडं बी त्याचं. पोत मात्र माहा. अन् लुगडं मागावरून उतरल्याबिगर कोनाच्या अंगाले लागन?"

आईची तब्येत, घर, कामधंदा सगळे पाहून समितीने आदेश दिला, आणि तो गेला. निघताना त्याने आमच्या मुलीच्या सायकलची घंटी दोनदा वाजवली. दार लावून आम्ही तिघे बराच वेळ काही न बोलता बसलो.

वाचकहो, हे सारे वाचून कुणाला वाटेल, असे दुःख विकत कशाला घ्या? मलाही तसे वाटले होते. पण आज कुठल्यातरी बालगृहात एखादे मूल रात्रीच्या गोष्टीची वाट पाहत असेल. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लग्न न झालेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसालाही, वय पस्तिशीच्या पुढे असल्यास, असे मूल सांभाळता येते. आम्हीही पुन्हा अर्ज दिला आहे.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. त्याची आई बोलत होती. "गुरुजी, भाऊबीजेले घेऊन येतो मी त्याले. ताईनं ओवाळलं पाह्यजे म्हणते. त्याचा पाट ठेवजा."

सौभाग्यवती काही न बोलता माळ्याकडे गेली. मुलगी मात्र ओरडून म्हणाली, "बाबा, सायकलच्या मागच्या चाकात हवा भरून आणा. तो आला की चालवायला मागेल."